पायाखालचा मेंदू

गाडीचं कौतुक ऐकायला माझ्याकडे कुणी येऊ नये. गाडी म्हणजे मला पेशंट. देखणा असो नाहीतर काळाबेंद्रा, आधी ताप किती ते बघायचं. सातपूरला आमचं गॅरेज होतं. इंजिन, क्लच, ब्रेक नवऱ्याकडे आणि वायरिंग, सेन्सर, कॉम्प्युटर हा सगळा कारभार माझ्याकडे. माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, लग्नाआधी एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल जोडायचे. पुढं गाड्यांमधले कार्बोरेटर गेले, इंजिनाला कॉम्प्युटर आले आणि भल्याभल्या मेकॅनिकांनी हात टेकले, तेव्हा लोक माझ्याकडे यायला लागले. येऊन पहिला प्रश्न, "साहेब कुठायत?" मी त्यांना साहेबांकडे पाठवायची आणि साहेब त्यांना परत माझ्याकडे पाठवायचे. एवढ्या फेरीत माणूस सरळ व्हायचा.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर दारात एक लालभडक स्पोर्ट्‌स कार येऊन उभी राहिली. दोन सीटची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायचाच प्रकार. आजूबाजूच्या शेडमधली सगळी माणसं हातातली कामं टाकून बघायला जमली. मालक माझ्या ओळखीचा होता. मखमलाबादकडचं फुलं पिकवणारं घर. वडील होते तोवर झेंडू आणि शेवंती, ते गेल्यावर यानं पॉलीहाउस उभारलं आणि गुलाब लावले. गुलाब दिल्ली-मुंबईला जायला लागले, पठ्ठ्याचं नशीब फळफळलं, आणि लहानपणापासून भिंतीवर चिकटवलेल्या चित्रातली गाडी त्यानं खरीखुरी मुंबईहून आणली. त्यांच्या जुन्या टेम्पोचं वायरिंग मीच करायची, त्यामुळं हक्कानं बोलायची सवय होती.

"अरे भाऊ, एवढं खटलं घरात आणि गाडी दोन सीटची? बाकीच्यांनी काय मागं पळायचं?"

"ताई, चेष्टा नंतर करा. गाडी चालता चालता बंद पडते."

"कधी पडते?"

तो इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "आई शेजारी बसली की."

मी खो खो हसले. तो हसला नाही. मग मी स्टूल पुढं सरकवलं.

त्यानं सांगितलं ते असं. गाडी दसऱ्याला घरी आली. शोरूमच्या माणसानं गाडी ताब्यात देताना मोठ्या तोऱ्यात दाखवलं होतं की इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे गाडीचा मेंदू, डाव्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी, गालिच्याखाली एका पत्र्याआड असतो. यानं तितक्याच तोऱ्यात ते घरी सांगितलं. झालं! दसरा म्हणजे यंत्रांची पूजा. कोयत्या-खुरप्यांपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं ओळीनं मांडून त्यांच्याकडे पूजा व्हायची. मग नव्या गाडीच्या मेंदूची पूजा नको? टायरची करायची, बॉनेटची करायची आणि मेंदू तसाच सोडायचा? पत्रा काढा, म्हणाले सगळे. यानं स्क्रू सोडवून पत्रा काढला.

याच्या आईला मी मावशी म्हणायची. मावशी ताट घेऊन पुढं आल्या. तेवढ्यात याच्या आत्यांनी ते ताट त्यांच्या हातातून अलगद घेतलं. "वहिनी, तुम्ही ऱ्हाऊ द्या. नवी वस्तू हाय, सवाष्णीचा हात लागू द्या." आत्या तिथंच, शेजारच्या मळ्यात राहायच्या; मावशी त्यांना आक्का म्हणायच्या. मावशी मागं जाऊन उभ्या राहिल्या. नवरा गेल्यापासून त्या घरातल्या प्रत्येक पूजेला त्या मागंच उभ्या असायच्या. आत्यांनी मेंदूला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. हा तोवर पुढं चाकाखाली लिंबं ठेवून नारळ फोडत होता. मग यानं पत्रा परत बसवला, गालिचा टाकला आणि म्हणाला, "आई, पहिली फेरी तुझी."

मावशी बसल्या. गाडी मळ्याच्या रस्त्यावरून डांबरीवर आली, वळणावर समोरून ट्रॅक्टर आला आणि गाडी गप्पकन बंद. किल्ली फिरवली, चालू झाली. पुढं पुलापाशी परत बंद. दुसऱ्या दिवशी हा एकटा त्र्यंबकला जाऊन आला, गाडी वाऱ्यासारखी पळाली. मित्राला घेऊन कसारा घाट उतरून आला, काही नाही. आईला देवळात न्यायला बसवलं, कोपऱ्यावर बंद. शोरूमचा माणूस मुंबईहून लॅपटॉप घेऊन आला, जोडला, म्हणाला सगळं ओके आहे, आणि जेवून परत गेला.

"मग आत्या बोलल्या," तो म्हणाला. "मी काय म्हणत नाय, पण काही माणसांचा पायगुणच असतो, असं. आईच्या समोर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तू काय केलंस? ऐकून घेतलंस?"

"मी भांडलो ताई. लय भांडलो. पण आईलाच ते पटलंय. ती आता गाडीत बसत नाही हे सोडा, सकाळी मी निघायच्या वेळेला ती समोर येत नाही. गाडी पुढच्या अंगणात असते ना, म्हणून फुलांची पाटी घेऊन मागच्या चिखलातून जाते. परवा माझ्या मुलीला शाळेत सोडायला निघालो तर ही दाराआड लपली. तिला वाटतंय, आपल्यामुळं पोराचं काहीतरी बरंवाईट होईल." तो गाडीकडे बघत म्हणाला, "ताई, गाडी नाय सुधारली तर मी विकून टाकीन, मला त्याचं काही नाही. पण विकली तर आई जन्मभर म्हणेल, माझ्यामुळं गेली."

आता मला सांगा, या बाईला मी ओळखत होते. पहाटे टेम्पोत नवऱ्याशेजारी बसून, पुढ्यात झेंडूच्या पाट्या रचून फूलबाजारात जाणारी, गिऱ्हाइकाशी दोन हात करणारी बाई. टेम्पो दुरुस्तीला आला की माझ्यासाठी आठवणीनं शेवंतीची वेणी पाठवणारी. ती दाराआड लपते? म्हटलं, ठेव गाडी. आता ही गाडी आणि मी.

बोलायला काय जातंय! स्कॅनर जोडला. इंजिनाचा कॉम्प्युटर काही बिघडलं की त्याची खूण आपल्या स्मरणात ठेवतो, स्कॅनरनं ती वाचायची. इथं स्मरणात काहीच नाही. कोरी पाटी. गाडी एवढ्यांदा बंद पडली आणि हे महाशय म्हणतात, मला काही आठवत नाही बुवा. वायर हलवून बघितल्या, पेट्रोलचा पंप बघितला, बॅटरीच्या तारा घट्ट केल्या. नवरा चालवायला, मी शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन, अशा फेऱ्या मारल्या. गाडी पळतेय मजेत.

"शेजारी वजन आलं की होत असेल," नवरा म्हणाला. मला पटलं. विंचूरच्या बाजारातून आमच्याकडे वर्षाचा कांदा आला होता, त्यातली एक गोणी उचलून सीटवर बसवली, वरून पट्टा बांधला आणि गंगापूर रोडनं निघालो. त्या गाडीत मानानं बसलेली कांद्याची गोणी बघून लोक स्कूटर थांबवून हसत होते. गोणी धरणापर्यंत जाऊन सुखरूप परत आली. कांद्याचा पायगुण उत्तम निघाला.

"सरळ तो पत्रा उघडून बघ ना," नवरा म्हणाला. पण माझी एक खोड आहे. पुरावा हातात आल्याशिवाय मी कॉम्प्युटरला हात लावत नाही. उघडून, हलवून, परत लावून दोष आपोआप गेला, तर तो कशानं होता ते कधीच कळत नाही. इथं तर मला दोष घालवायचा नव्हता, धरायचा होता. मावशींना काय सांगणार, "गेला बाई कसातरी"? त्यानं त्यांचं समाधान झालं असतं होय?

म्हणजे मावशींनाच आणायला हवं होतं. मळ्यावर गेले. मावशी गुलाबाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"मला नाय बसायचं त्या गाडीत," त्यांनी वर न बघताच सांगितलं.

"मावशी, डॉक्टर आलाय आणि दुखणं म्हणतंय मी येत नाही. असं कसं चालेल?"

"दुखणं मीच हाय ना? मग मी लांब राहिले की झालं."

मला इतका राग आला की मी त्यांच्या हातातली जुडीच काढून घेतली. "एकदा. फक्त माझ्यासोबत. बंद पडली आणि मला कारण सापडलं नाही, तर परत कधी बोलणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि सापडलं नाय तर पोराला समजावायचं, मला आग्रह करायचा नाय म्हणून. कबूल?"

कबूल म्हणाले.

निघायच्या आधी मी एक युक्ती केली. इंजिनाच्या एका सेन्सरचा प्लग मुद्दाम काढला, गाडी चालू केली, कॉम्प्युटरनं ती तक्रार स्मरणात लिहून घेतली. मग प्लग परत लावला. आता त्याच्या डोक्यात माझी एक खूण होती. गाडी बंद पडल्यावर ती खूण तशीच राहिली तर बिघाड बाहेर कुठंतरी, आणि पुसली गेली तर मेंदूचीच वीज जातेय.

मावशी चपला हातात घेऊन बसल्या. पायाखाली पुजलेला मेंदू आहे म्हणून. पदर आवळून, डोळे समोर लावून. सरळ रस्त्यावर गाडी छान चालली. मी मुद्दाम फुलांच्या भावाच्या गोष्टी काढल्या, त्या "हं" म्हणत होत्या. मग वळण आलं आणि समोरून एसटी आली, आपल्याकडची एसटी येते तशी, रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखी. मावशी ताठ झाल्या आणि गाडी गप्पकन बंद.

कशीबशी कडेला घेतली. मावशींनी दाराच्या कडीला हात घातला. "बघितलंस? झालं समाधान?" त्यांचे डोळे भरले होते.

"थांबा, उतरू नका!" मी स्कॅनर जोडला. माझी खूण गायब! कोरी पाटी! "अगं बाई, पुसली! मावशी, पुसली!" मी स्टिअरिंगवर हात आपटत ओरडले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला वाटलं इथं भांडण लागलंय, तो थांबून बघायला लागला. मी त्याला पुढं घालवला.

"मावशी, आठवून सांगा. एसटी आली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ब्रेक मारला."

"तुम्ही?"

"मग काय तर! तू मारतेस का नाय कुणास ठाऊक." त्यांनी दोन्ही पाय पुढं रेटून दाखवले. "आमचे हे टेम्पो असा पळवायचे की बास. मी शेजारी बसून कायम ब्रेक मारायची. पाट्या पायानं धरायच्या आणि ब्रेक मारायचा. ते म्हणायचे, अर्धा टेम्पो तूच चालवतेस."

मी गाडी चालू केली. जागेवरच उभी, इंजिन सुरू. "आता मारा ब्रेक."

"उभ्या गाडीला?"

"मारा म्हणते ना!"

त्यांनी टाचा रेटल्या. इंजिन बंद. पाय उचलायला लावले, किल्ली फिरवली, इंजिन चालू. टाचा, बंद. पाय वर, चालू. मावशींनी एकदा स्वतःच्या पायांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "परत एकदा लाव गं." मी लावली, त्यांनी बंद पाडली. परत लावली, परत पाडली. मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत हसल्या, आणि माझाही जीव भांड्यात पडला. मावशींच्या पोराच्या मित्राला कशाला ब्रेक मारायला लागतोय, तो पाय पसरून बसणार. आणि गोणीला तर पायच नव्हते.

मळ्यावर परत येऊन पत्र्याचे स्क्रू सोडवले. पोरगा मागं उभा. आत मेंदूच्या मोठ्या प्लगशेजारी, पत्रा आणि प्लगच्या मधल्या फटीत, एक लाल फडक्याची पुरचुंडी घट्ट बसवलेली होती. बसवताना प्लगची खिटी अर्धी निघाली होती. वरून पत्रा दाबला की पुरचुंडी प्लगला ढकलायची आणि मेंदूची वीज तुटायची. मी पुरचुंडी बाहेर काढली. मावशींनी गाठ बघितली आणि लगेच ओळखली.

"आक्कांची गाठ हाय ही."

आत सुपारी, हळकुंड आणि अक्षता. पूजेच्या वेळी मेंदूपाशी देव असावा म्हणून आत्यांनी ठेवलेली. सवाष्णीच्या हातानं!

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "चला," म्हटलं, "आत्ताच्या आत्ता शेजारच्या मळ्यात जाऊन त्यांच्या हातात देते. पायगुण म्हणे! बघतेच आता." पोरगाही निघाला. मावशींनी मला दंडाला धरून थांबवलं. मला वाटलं, आता म्हणणार, जाऊ दे, कशाला दुखवायचं.

"तशीच परत ठेव," त्या म्हणाल्या. डोळ्यांत अशी चमक की मला फूलबाजारातली बाई दिसली. "आणि आक्कांना बोलव. म्हणावं गाडी सुधारली, फेरी मारायची हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी सापडलेला बिघाड जसाच्या तसा परत बसवला, तोही इतक्या मन लावून. नवरा बघत असता तर म्हणाला असता, हिचं डोकं फिरलं. मावशी शेजारी उभ्या राहून वाक्य घोकत होत्या, "आता सांगा आक्का, कुणाचा पायगुण?" एकदा रागानं म्हणून बघितलं, एकदा हसत. हसत म्हटलेलं जास्त लागेल, असं आमचं दोघींचं ठरलं.

आत्या नटून आल्या. नवं लुगडं, नाकात नथ. बसताना म्हणाल्या, "मी म्हणतच होते, सुधारंल म्हणून." मी गाडी अंगणातून हळूहळू काढली. मावशी गेटपाशी उभ्या. गेटचा खांब जवळ आला तशी मी जराशी त्याच्याकडेच नेली. "अगं अगं, खांब!" आत्या ओरडल्या, पाय रेटले आणि गाडी गप्पकन बंद.

आत्यांचा हात तोंडावर गेला. चेहऱ्याचा रंगच उतरला. त्यांनी आधी माझ्याकडे, मग डॅशबोर्डवरच्या बंद पडलेल्या काट्यांकडे बघितलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माझ्यामुळं?"

मी मावशींकडे बघितलं. आता वाक्य येणार. ठरलेलं, घोकलेलं, हसत म्हणायचं वाक्य.

मावशी जवळजवळ धावतच आल्या. दार उघडलं, खाली वाकल्या आणि आत्यांचा हात धरला. "नाय हो आक्का, तुमच्यामुळं नाय. असं कुणामुळंच नसतं. ती सुपारी अडकलीय, बघा. नुसती सुपारी."

जे मावशींनी दसऱ्यापासून एकटीनं छातीवर वागवलं होतं, ते त्यांनी आत्यांना एक मिनिटही वागवू दिलं नाही. मी पुरचुंडी काढून आत्यांच्या मांडीवर ठेवली. माझ्या जिभेवरही ठेवणीतली बरीच वाक्यं होती, ती गिळली. आत्या आपलीच गाठ बघत बसल्या आणि मग मावशींच्या हातावर कपाळ टेकून रडल्या. प्लगची खिटी मी कट्‌ आवाज येईपर्यंत दाबून बसवली, पत्रा लावला.

पुढच्या दसऱ्याला मला पूजेचं बोलावणं होतं. ताट मावशींच्या हातात होतं. कुणी दिलं, कुणी घेतलं, ते मी पोचायच्या आधीच झालेलं. वारा सुटला होता, निरांजन सारखं विझत होतं. आत्या पुढं झाल्या आणि ज्योतीला दोन्ही हातांचा आडोसा धरून उभ्या राहिल्या. "ओवाळा वहिनी," म्हणाल्या, "मी धरते." मावशींनी ओवाळलं आणि सुपारी ठेवली ती डॅशबोर्डच्या खणात, मला विचारून. मग चपला हातात घेऊन गाडीत बसल्या. गेटच्या वळणावर त्यांचे गुडघे ताठ झालेले मला काचेतून दिसले. ब्रेक दाबलाच असणार. गाडी चालूच राहिली.